टेलिफोनचा संच सर्वांत शेवटी निवडावा

वाचकाचे पत्र: कॅनडा कॉर्नरजवळ आमचे कर सल्ल्याचे छोटे कार्यालय असून तेथे मी आणि माझे तीन सहकारी काम करतो. तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाइन सारखी बंद पडते, म्हणून कंपनीने तोच ०२५३चा क्रमांक फायबरवर देऊ केला आहे. एका दुकानदाराने इंटरनेटवर चालणाऱ्या चार टचस्क्रीन फोनसंचांचे प्रत्येकी चौदा हजारांचे कोटेशन दिले आहे, तर माझा भाऊ म्हणतो की संच घेऊच नका, मोबाइलवर ॲप टाकून काम भागवा. इंदिरानगरच्या घरी सासूबाई असतात. त्या ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना कमी ऐकू येते आणि त्या मोबाइल वापरत नाहीत. कार्यालयातून त्यांच्याशी दिवसातून चार-पाच वेळा बोलावे लागते. कोणता संच घ्यावा? वीज गेल्यावर हे फोन चालतील का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

सप्रेम नमस्कार.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहे. वीज गेली की इंटरनेटवरचा फोन बंद पडतो. तो चालू राहावा असे वाटत असेल तर त्याची सोय आपल्यालाच करावी लागते. जुन्या लँडलाइनला टेलिफोन केंद्रातूनच ४८ व्होल्टचा वीजपुरवठा त्याच तांब्याच्या तारेतून येत असे, म्हणून घरात अंधार असतानाही फोन वाजायचा. फायबरमधून मात्र फक्त प्रकाश येतो. भिंतीवरची फायबरची पेटी, राउटर, स्विच (एका जोडणीवरून अनेक संचांना तारा देणारी लहान पेटी) आणि टेबलावरचा संच या चारही वस्तूंना आपल्याकडची वीज लागते आणि त्यांपैकी एक जरी बंद पडली तरी फोन बंद. त्यामुळे कोणता संच घ्यावा या प्रश्नाआधी तीन गोष्टी निश्चित व्हायला हव्यात: क्रमांक आपल्याला कोणत्या स्वरूपात मिळणार आहे, संचापर्यंत तार कशी पोहोचणार आहे आणि वीज कोठून येणार आहे.

क्रमांकापासून सुरुवात करू. फायबर कंपनीचा माणूस जी पेटी बसवतो तिच्या मागे बहुधा साध्या टेलिफोनची लहान खाच असते. आवाजाचे इंटरनेटच्या भाषेत रूपांतर त्या पेटीतच होते, आणि खाचेत आपला जुना, बटणांचा फोन लावला तरी तो चालतो. म्हणजे केवळ एक क्रमांक, एक फोन आणि एका वेळी एक संभाषण एवढीच गरज असती तर आपल्याला नवा संच घेण्याचे काहीच कारण नव्हते. चार टेबलांवर फोन हवा असता, तरीसुद्धा त्या खाचेला एक लहान साधे ईपीएबीएक्स, म्हणजे एका लाइनवर अनेक फोन चालवणारे यंत्र, जोडून काम झाले असते. आपली गरज त्यापुढची आहे. घरचा फोन हा कार्यालयाचे एक एक्स्टेन्शन असावा, आणि एक सहकारी आयकराच्या नोटिशीबद्दल अर्धा तास बोलत असताना दुसऱ्या अशिलाला सतत व्यग्र असल्याचा स्वर ऐकू येऊ नये, हे दोन्ही साध्या खाचेतून साधत नाही. त्यासाठी खरा इंटरनेट फोन लागतो.

म्हणून कंपनीला एकच नेमका प्रश्न लेखी विचारा: या क्रमांकासाठी एसआयपी खात्याचे नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता आम्हाला देणार का, आणि त्यावर एका वेळी किती संभाषणे चालतील? एसआयपी ही फोन जोडण्याची आणि तोडण्याची सामायिक भाषा आहे. तिचे आज वापरात असलेले मूळ प्रमाण २००२ सालचे आहे, आणि येलिंक, ग्रँडस्ट्रीम, फॅनव्हिल किंवा वडोदऱ्याची मॅट्रिक्स यांपैकी कोणाचाही संच घेतला तरी तो ही भाषा बोलतो. कंपनी हे तपशील देत नसेल तर आपण आणलेला कितीही महागडा संच त्या क्रमांकाशी थेट जोडला जाणार नाही. मध्ये लँडलाइन आत घेणारी वेगळी पेटी बसवावी लागेल आणि संभाषण पुन्हा एका वेळी एकच होईल. दुकानदाराने कोटेशन देण्यापूर्वी आपल्याला हे विचारले होते का, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. त्याने विचारायला हवे होते.

आणखी एक खबरदारी घ्या. मोबाइलचा क्रमांक तसाच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय आपल्याकडे लँडलाइनला नाही. अशिलांना वर्षानुवर्षे पाठ असलेला ०२५३चा क्रमांक ज्या कंपनीचा आहे तिच्याकडेच तो राहणार, म्हणून नव्या सेवेची बोलणी पूर्ण होण्यापूर्वी जुनी जोडणी रद्द करण्याचा अर्ज मुळीच देऊ नका. सेवाही परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२पासून मर्यादित परवानगी होती. परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशातील कोणत्याही फोन क्रमांकाला जोडणारी सेवा देता येईल, हे २०१८मध्ये स्पष्ट झाले. लँडलाइनचे जाळे आणि इंटरनेट कोठे एकत्र जोडता येते याचे नियम दूरसंचार विभागाने घालून दिलेले आहेत. स्वस्तात जोडून देतो म्हणणाऱ्याच्या हाती आपल्या नावावरची जोडणी देण्यात धोका आहे. कार्यालय आणि घर यांची जोडणी कशी करणार हेही कंपनीकडून लिहून घ्या. कार्यालयातच एक्स्चेंजची, म्हणजे आपले सर्व फोन एकमेकांना जोडणारी, पेटी ठेवायची म्हटले तर घरच्या फोनला तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा कधी न बदलणारा पत्ता) घ्यावा लागतो; त्यापेक्षा एक्स्चेंज कंपनीच्या सर्व्हरवर असणे आपल्या आकाराच्या कार्यालयाला सोपे पडते, कारण घरचा आणि कार्यालयाचा असे दोन्ही संच आपापल्या बाजूने बाहेर जोडणी करतात.

आता तार आणि वीज. माझे स्पष्ट मत असे आहे की टेबलावर राहणारा फोन तारेनेच जोडावा. वाय-फायवर चालणारे संच मिळतात, पण एकाच इमारतीत वीस कार्यालये आणि तितकेच राउटर असतील तर बोलण्यातले शब्द मधेच गळतात. आणि फोनमध्ये एक शब्द गळला तर तो पुन्हा मागवता येत नाही. वेब पान अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडले तर कोणाला कळतही नाही. तारेनेच जोडायचे ठरले की त्याच तारेतून वीजही देता येते. या सोयीला पीओई म्हणतात. तिचे ८०२.३एएफ हे प्रमाण २००३ सालचे आहे आणि त्यात स्विचच्या प्रत्येक खाचेतून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. साध्या संचाला त्यातले थोडेच वॅट लागतात. याचा मोठा फायदा असा की चार टेबलांवर चार ॲडॉप्टर न लावता एका कोपऱ्यातला स्विच, राउटर आणि फायबरची पेटी एवढेच यूपीएसवर ठेवले की चारही फोन चालू राहतात.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली मॉडेलच्या नावात असते. त्याच नावाचा संच पीओईसह आणि पीओईविना असा दोन्ही प्रकारे येतो. येलिंकच्या टी३१ आणि टी३१पी या दोन संचांत दिसायला काहीच फरक नाही, पण तारेतून वीज घेतो तो दुसरा. पीओईच्या संचासोबत खोक्यात ॲडॉप्टर असतोच असे नाही, हेही आधी विचारा. दुसरी फसगत स्विचची. सीसीटीव्ही बसवणारे काही जण जो स्वस्त स्विच किंवा इंजेक्टर (तारेत वीज सोडणारे छोटे उपकरण) लावतात तो समोरच्या उपकरणाची चौकशी न करताच तारेत वीज सोडतो. प्रमाणित स्विच आधी पलीकडच्या उपकरणाला वीज हवी आहे का हे तपासतो आणि मगच ती देतो. पावतीवर ८०२.३एएफ किंवा त्यापुढचे प्रमाण ८०२.३एटी असे लिहून मागा; विक्रेता लिहून द्यायला कचरत असेल तर तो स्विच घेऊ नका.

यूपीएसचा हिशेब आपल्यासारख्या व्यक्तीला कंटाळवाणा वाटणार नाही म्हणून देतो. चार संचांचे १६ वॅट, पेटी आणि राउटरचे २०, स्विचचे स्वतःचे १० धरले तर ४५ वॅटच्या आसपास भार होतो. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. रूपांतरातील घट वजा जाता तासभर फोन चालेल एवढेच गृहीत धरावे, आणि संगणक त्याच यूपीएसवर मुळीच लावू नये. कार्यालयाला इन्व्हर्टर असला तरी वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात फायबरची पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकते, मग फोन जागेवर यायला काही मिनिटे जातात आणि चालू संभाषण तर तुटतेच. घरी फायबरच्या पेटीसाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी पेटीच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्या.

मात्र रस्त्यात केबलच तुटली तर यूपीएसचा उपयोग नाही. २०२७च्या सिंहस्थाची कामे शहरात सुरू असताना खोदकामात केबल तुटण्याची शक्यता आपण सर्वांनीच धरून चालायला हवी. यासाठी कंपनीच्या बाजूलाच अशी सूचना नोंदवून ठेवा की संच जोडलेला नसेल तेव्हा येणारा फोन आपल्या मोबाइलवर वळवला जावा. ही सूचना संचात नोंदवून चालत नाही, कारण केबल तुटल्यावर संचच जगापासून तुटलेला असतो.

इंटरनेटच्या वेगाची काळजी आपण करू नये. नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाज सेकंदाला ५० तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्याच्या भारासह एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८० किलोबिट लागतात. चार संभाषणांचे ३२० किलोबिट झाले, आणि फायबरच्या कोणत्याही योजनेत ते सहज बसतात. अडचण येते ती ओघ अनियमित झाल्यामुळे. कोणी सहकारी मोठी फाइल वर चढवत असताना फोनवर बोलून पाहा. आवाज तुटत असेल तर राउटरमध्ये फोनला अग्रक्रम देणारी सोय चालू करावी लागेल. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यापुढे दोघेही एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. फोन लागतो पण एकाच बाजूचे ऐकू येते असा अनुभव आला तर दोष संचाला देण्यापूर्वी राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय बंद करून पाहायला सांगा. मदत म्हणून ठेवलेली ही सोय पुष्कळ वेळा घोळच घालते.

आता संचाकडे येतो. आपण दुकानात पडद्याचा आकार पाहिला असेल. मी आपल्याला रिसीव्हर हातात घ्यायला सांगेन. तो कानाशी धरून कोणालातरी फोन लावा आणि हळू आवाजात बोला. स्वतःचा आवाज त्याच कानात अगदी हलका ऐकू यायला हवा. तो येत नसेल तर माणूस नकळत ओरडून बोलू लागतो आणि चौघांच्या खोलीत त्याचा सर्वांना त्रास होतो. रिसीव्हर मान आणि खांदा यांच्यामध्ये धरून पाहा, कारण विवरणपत्रांच्या हंगामात आपले सहकारी तो तसाच धरणार आहेत. सटकत असेल तर हेडसेटची खाच असलेलाच संच घ्या. डोळे मिटून बटणे दाबा: ५च्या बटणावरचा उंचवटा बोटाला लागला पाहिजे आणि प्रत्येक बटण दाबले गेल्याचे कळले पाहिजे. मग स्पीकर चालू करून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोला. स्वस्त संचात अशा वेळी एक आवाज कापला जातो.

टचस्क्रीन संच आपल्या कार्यालयाला नको असे माझे मत आहे. कागदपत्रे चाळता चाळता नजर न वळवता होल्ड आणि ट्रान्सफर दाबता येणे ही आपली गरज आहे आणि ती खऱ्या बटणांनीच भागते. व्हिडिओसाठी समोरच्याकडेही तशीच सोय लागते, जी आपल्या अशिलांकडे नसणार. दोन खात्यांचा, पीओईचा, जी.७२२ हा रुंद पट्ट्याचा आवाज देणारा साधा संच टचस्क्रीनच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतो. तिघा सहकाऱ्यांसाठी तो पुरेसा आहे. जी व्यक्ती फोन प्रथम उचलते तिच्यासाठी मात्र थोडा मोठा संच घ्या, ज्यावर कोण बोलत आहे हे दाखवणारी दिव्यांची बटणे असतात. टेबलापर्यंत एकच केबल येत असेल आणि संगणक फोनच्या पाठीमागच्या दुसऱ्या खाचेतून जोडायचा असेल, तर संच गिगाबिटचा असावा, अन्यथा संगणकाचा वेगही १०० मेगाबिटवर येतो. पडद्यावर मराठीत नावे हवी असतील तर देवनागरी नीट उमटते का हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सासूबाईंसाठी मला वेगळा विचार करावासा वाटतो. पुष्कळ जण वृद्धांसाठी जुनाच फोन एका लहान ॲडॉप्टरला जोडून देतात आणि ओळखीची वस्तू म्हणून ते योग्यही आहे. पण जुन्या पद्धतीच्या आवाजात ३००पासून ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच पट्टा असतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ या अक्षरांची ओळख बरीचशी त्याच्या वर असते. माझ्या वडिलांना मी फोनवर वीजबिलाची रक्कम सहाशे साठ अशी सांगितली आणि त्यांनी ती सहाशे आठ अशी लिहून घेतली. आवाज वाढवला तरी ‘स’ काही त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. दोन्ही टोकांना जी.७२२चे संच बसवल्यावर हीच रक्कम त्यांनी पहिल्यांदा सांगताच बरोबर टिपली. हा पट्टा ७००० हर्ट्‌झपर्यंत जातो. मात्र तो लाभ दोन्ही संच तसे असतील आणि मधले एक्स्चेंजही तो पट्टा चालू ठेवत असेल तेव्हाच मिळतो, म्हणून आपल्या कार्यालयातून घरी होणाऱ्या संभाषणांना तो मिळेल. बाहेरून येणारे बहुतेक फोन पूर्वीसारखेच ऐकू येतील. या कारणाने घरीही कार्यालयासारखाच साधा संच ठेवावा असे मी सुचवतो. त्यावरील चार बटणांवर आपले, आपल्या यजमानांचे, डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे नाव मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून लावा. वाढवलेला आवाज दुसऱ्या फोनलाही तसाच राहतो का ते तपासा, कारण काही संच तो प्रत्येक वेळी खाली आणतात. त्या श्रवणयंत्र वापरत असतील तर रिसीव्हर यंत्रासोबत शिट्टी मारतो का, हे त्यांच्याच कानाशी लावून पाहायला हवे.

बटणांत क्रमांक भरताना मोबाइलच्या आधी शून्य लावायला विसरू नका. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना ते आवश्यक आहे आणि संचाच्या डायलिंगच्या नियमांतही ते बसवावे लागते. बँकेच्या स्वयंचलित उत्तरात एक दाबा, दोन दाबा असे सांगितल्यावर दाबलेले बटण तिकडे पोहोचत नसेल तर संचात डीटीएमएफची, म्हणजे दाबलेल्या बटणाचा सूर पलीकडे पाठवण्याची, पद्धत बदलून घ्यावी लागते. बसवणाऱ्याला हे दोन्ही आपल्यासमोर करून दाखवायला सांगा.

आपल्या भावाचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. त्याच खात्याचे ॲप आपल्या मोबाइलवर असावे, म्हणजे न्यायाधिकरणात किंवा प्रवासात असताना कार्यालयाच्या क्रमांकावरून बोलता येते. पण बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल असे ॲप पार्श्वभूमीत बंद करतो आणि मग फोन वाजतच नाही. सहकाऱ्याच्या खाजगी मोबाइलवर कार्यालयाचे संभाषण ठेवणे मला आपल्या व्यवसायातील गोपनीयतेच्या दृष्टीनेही पटत नाही. संचाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, बोलणे सांकेतिक रूपात पाठवण्याची टीएलएस आणि एसआरटीपी ही सोय कंपनी देत असेल तर चालू करा, आणि परदेशी फोनची गरज नसेल तर ते कंपनीकडूनच बंद करून घ्या. पासवर्ड फोडून रात्रीतून परदेशात फोन करणारे असतात आणि बिल आपल्या नावावर येते.

वापरलेले संच स्वस्तात मिळतात, पण त्यांपासून दूर राहा. बंद झालेल्या एका कार्यालयातील सहा संच मी एकदा घेतले. दिसायला नव्यासारखे होते, वीज लागली, पडदाही उजळला, परंतु ते आधीच्या सेवेशी कुलूपबंद होते आणि सुरू होताच जुन्या सर्व्हरचाच शोध घेत राहिले. विकणाऱ्याकडे त्यांचा पासवर्ड नव्हता आणि सेवा देणाऱ्या कंपनीने मी त्यांचा ग्राहक नाही म्हणून कानावर हात ठेवले. ते सहाही संच मला काही उपयोगाचे झाले नाहीत.

दुकानदाराला चारऐवजी एकाच संचाची मागणी द्या, १८ टक्के जीएसटीचे रीतसर बिल घ्या आणि आठवडाभर तो प्रथम फोन उचलणाऱ्या टेबलावर चालवा. त्या आठवड्यात एकदा मुद्दाम मुख्य स्विच बंद करून वीज घालवा आणि घड्याळ लावून पाहा. बाकीचे तीन आणि घरचा एक त्यानंतर घेता येतील. घरच्या संचाशेजारी भिंतीवर पूर्ण पत्ता आणि ११२ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, कारण इंटरनेटवरच्या फोनवरून मदत मागताना आपण कोठून बोलत आहोत हे पलीकडे आपोआप कळेलच असे नाही. सासूबाईंना तो पत्ता एकदा फोनवरून मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि आपण कार्यालयात बसून तो लिहून घ्या.